सहा मोजेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी सेडान आहे. चार दारं, मागे वेगळी डिकी, चंदेरी रंग आणि यूपी बत्तीसने सुरू होणारा नंबर. अशी हकीकत सांगताना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हटलं. तुम्ही माझे मित्र आहात असं मला मुळीच वाटत नाही. गेल्या सात महिन्यांत माणसांनी माझ्या चाकांना लाथा घातल्या, माझी दारं धाडधाड आपटली, माझ्या सीटचा वास घेतला आणि ‘कितना देती है?’ हा एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला की मला त्याची शिसारी आली आहे. लखनौला रायबरेली रोडवर, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीच्या जरा पुढे, जुन्या गाड्या विकायचं एक मैदान आहे. तिथे पत्र्याच्या छताखाली तिसऱ्या रांगेत मी उभी असते. तुमच्यापैकी कोणी कधी आईबाबांबरोबर तिथे आलात तर आपली गाठ पडेलच, म्हणून जरा नीट ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला पहिल्यांदा कोणी पारखलं तेही तिथेच. पांढरे हातमोजे घातलेली एक बाई शेवटच्या टप्प्यावर उभी असायची. तिने माझ्या मागच्या दारावरून तळहात फिरवला, रंगातला मोहरीएवढा फुगा तिच्या हाताला लागला आणि तिने मला सरळ परत पाठवलं. तेव्हा मला तिचा राग आला होता. आज वाटतं, मला बघायला आलेल्या शंभर माणसांत काम मनापासून करणारी ती एकटीच होती.

त्याच कारखान्यात माझ्या स्टीअरिंगच्या पोटात एक आणि डाव्या सीटसमोर डॅशबोर्डमध्ये एक, अशा दोन कापडी पिशव्या घडी करून बसवल्या. त्यांना एअरबॅग म्हणतात. गाडी जोरात धडकली की पापणी लवायच्या आत त्या फुगतात आणि माणसाचं डोकं काचेवर किंवा स्टीअरिंगवर आपटायच्या ऐवजी त्या कापडावर पडतं. या पिशव्या ठीक आहेत की नाहीत ते सांगायला माझ्या काट्यांच्या तबकडीत एक लाल दिवा आहे. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असं त्यावर चित्र आहे. मला बोलता येत नाही. या बाबतीत तो दिवा हीच माझी जीभ.

मला नवीकोरी घेतली ती दयाराम मेश्राम यांनी. ते मूळचे भंडाऱ्याचे, नोकरी चारबागला रेल्वेच्या कार्यालयात, राहायला वृंदावन योजनेत. त्यांच्या पत्नी सुनंदाबाई टपाल कार्यालयात बारनिशी सांभाळायच्या, म्हणजे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवायच्या. शोरूममधून मला बाहेर काढताना त्यांनी माझ्या चाकाखाली लिंबं चिरडली नाहीत. आरशाला निळी फीत बांधली आणि पहिली फेरी गोमती नगरला बाबासाहेबांच्या स्मारकापर्यंत केली. तिथे उतरून दोघांनी हात जोडले. मग दयाराम मागे वळून माझ्याकडे बघत बसले, इतका वेळ की सुनंदाबाईंना त्यांची बाही ओढावी लागली.

दयाराम माणूस चांगला, पण चालवणारा वाईट. सारखा क्लचवर पाय ठेवून त्यांनी माझी क्लचप्लेट दोनदा जाळली. सुनंदाबाईंनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायचं ठरवलं तेव्हा हेच दयाराम म्हणाले, “आता या वयात?”

“गाडी का माझी जन्मतारीख पाहते?” त्या म्हणाल्या आणि माझ्या उजव्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं डावं दार फाटकाच्या खांबाला घासलं. मी तेव्हा फार चिडले होते. पण त्यांनी ते लपवलं नाही. गाडीबरोबर सर्व्हिस बुक मिळतं, त्याच्या शेवटी काही कोरी पानं असतात. त्यातल्या पहिल्या पानावर त्यांनी निळ्या शाईने, सुबक मराठीत लिहिलं, ‘आज डावे दार घासले. चूक माझी.’ मग त्यांना त्या वहीचा नादच लागला. गाडीची माहितीपुस्तिका बारीक इंग्रजीत होती. त्या रोज एकेक पान लावायच्या, कळलं ते मराठीत उतरवायच्या आणि जिथल्या तिथे मला तपासायच्या. चाकात हवा किती, तेलाची पट्टी कशी बघायची, कुठला आवाज आला तर थांबायचं, सगळं.

एकदा तो फुग्याचा लाल दिवा लागला आणि विझेचना. दयाराम म्हणाले, “त्याला काय होते, लागत राहते एखादा.” सुनंदाबाई एकट्या मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या. सीटखालचा एक प्लग सैल झाला होता, तो बसवला तेवढ्यावर काम भागलं. घरी येऊन त्यांनी सातवं पान लिहिलं. ते मला पाठ आहे.

‘किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. सगळे दिवे लागतील. फुग्याचा लाल दिवा सहा मोजेपर्यंत आपोआप विझला पाहिजे. तेलाचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत राहतो, त्याला घाबरू नये. फुग्याचा दिवा विझला नाही तर पुढच्या डाव्या सीटवर कोणालाही बसवू नये.’

दोघं निवृत्त झाली, भंडाऱ्याला परत निघाली आणि मला विकलं. शेवटच्या दिवशी दयाराम ती वही सामानात टाकत होते. सुनंदाबाईंनी ती काढून पुन्हा माझ्या खणात ठेवली. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “पुढच्या बाईच्या कामी येईल.”

पुढची बाई वगैरे कोणी आली नाही. आला तो एक तरुण, गोमती नगरचा. त्याचं नाव मी तोंडातून काढणार नाही. दोन वर्षांत त्याने ती वही एकदाही उघडली नाही. एका दुपारी शहीद पथावर मोबाईलमध्ये बघत त्याने मला उभ्या टेम्पोवर मागून आदळवलं. शेजारी त्याची आई बसली होती. माझ्या दोन्ही पिशव्या फुगल्या, ज्या कामासाठी कारखान्यात घातल्या होत्या ते त्यांनी केलं, आणि मायलेक दोघंही आपल्या पायांनी खाली उतरली. आईच्या नाकाला फक्त मुका मार लागला होता.

आता ऐका त्याने काय केलं. एकदा फुगलेली पिशवी पुन्हा वापरता येत नाही, तिच्या जागी नवी बसवावी लागते. तो म्हणाला, “बेचनी ही तो है, क्या फायदा?” वापरलेल्या पिशव्या कात्रीने कापून कचऱ्यात टाकल्या. माझं तोंड सरळ केलं, रंग मारला, स्टीअरिंगवर आणि डॅशबोर्डवर नवी झाकणं बसवली. झाकणांच्या मागे पोकळी. उरला लाल दिवा. तो आता सतत जळायला लागला, कारण ती जीभ खरं तेच बोलत होती. तो नुसता बंद करून भागेना, किल्ली फिरवल्यावर एकदाही लागला नाही तर एखाद्या जाणकाराला शंका येते. म्हणून त्याने गाठलेल्या गॅरेजच्या कारागिराने त्याची वायर तेलाच्या दिव्याच्या वायरला जोडून टाकली. इंजिन सुरू झालं की तेलाचा दिवा विझतो, आणि त्याच्याबरोबर हाही विझतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. माझ्याच तोंडून माझ्याबद्दल खोटं बोलवायची ही सोय, आणि ती करणाऱ्याची पाठ थोपटली गेली.

अशी मी मैदानात आले आणि प्रफुल्लच्या ताब्यात गेले. प्रफुल्ल गाड्यांचा दलाल. त्याने माझं मीटर मागे फिरवलं, इंजिन डिझेलने धुतलं, टायरना काळं पॉलिश चोपडलं आणि आत मोगऱ्याचा इतका फवारा मारला की माझं मलाच मळमळलं. वही सापडली तेव्हा तो ती फेकणार होता. पण तो बुलढाण्याचा, मराठी वाचता येणारा. पहिली दोन पानं त्याने उभ्याउभ्या वाचली आणि त्याचा चेहरा खुलला. लखनौत बँकांमध्ये, कंपन्यांमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत. त्यांची एक खोड त्याला पक्की ठाऊक होती. परमुलखात कोणी मराठी बोललं की ही माणसं तपासणं सोडून गाव विचारायला लागतात. दुसऱ्या पानाच्या पुढे प्रफुल्लने ती वही कधी वाचली नाही. माशाला आमिष दाखवावं तशी तो ती फक्त दाखवायचा.

गेल्या रविवारी सकाळी हर्षवर्धन आला. तो कराडचा, गोमती नगरमध्ये एका खासगी कंपनीत नोकरी. बरोबर बायको सानिका, ती बँकेत, आणि दहा वर्षांची मुलगी पूर्वा. त्यांच्या घरी एक स्कूटर होती. सानिकाला पूर्वाला शाळेत सोडून तसंच पुढे बँकेत जायचं होतं, रोज, शहीद पथावरून, म्हणून गाडी हवी होती. पूर्वा कुठे बसणार तेही ठरलेलं होतं. “मैं आगे बैठूँगी,” ती आल्याआल्याच म्हणाली.

हर्षवर्धनने मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघून यादी करून आणली होती. त्याने टायरच्या खाचेत नाणं घातलं. बाजारात कलिंगड वाजवून घ्यावं तसं माझं बॉनेट वाजवलं. घरून आणलेली मोठी बॅग डिकीत घालून बघितली, मग काढली, मग आडवी घातली. रंगाला लोहचुंबक लावलं, तेही नेमकं माझ्या मागच्या दाराला, जिथे काही झालेलंच नव्हतं. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. निदान तो बघत तरी होता. एवढ्यात प्रफुल्ल जवळ आला.

“दादा, महाराष्ट्रातले का तुम्ही? बोलण्यावरून वाटलंच मला.”

हर्षवर्धनची यादी तिथल्या तिथे खिशात गेली. “अरे वा! तुम्ही कुठले?”

“बुलढाणा. मेहकरजवळ गाव आहे.”

“काय सांगता! माझी आत्या मेहकरला दिली आहे.”

झालं. पुढची दहा मिनिटं आत्या, लोणार, ज्वारीची भाकरी आणि इथे चांगलं खोबरं मिळत नाही यात गेली. मग प्रफुल्लने खणातून वही काढली. “बघा, आपल्याच बाईंच्या हातचं आहे हे. डावं दार घासलं तेसुद्धा लिहून ठेवलं आहे. एवढी इमानदार गाडी तुम्हाला अख्ख्या लखनौत मिळणार नाही. तुमच्यापासून काय लपवायचं दादा, आपणच आपल्याला नाही बघायचं तर कोणी?”

हर्षवर्धनचे डोळे अक्षरशः ओले झाले. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ज्या बाईने आपली चूक कबूल केली तिच्या अक्षराने हा माणूस फसवला जात होता, आणि फसताना त्याला बरं वाटत होतं.

किल्ली प्रफुल्ल कोणाच्या हातात देत नाही. खिडकीतून हात घालून तो एका झटक्यात इंजिन सुरू करतो आणि म्हणतो, “आवाज ऐका.” तसंच केलं. लाल दिवा तेलाच्या दिव्याबरोबर गुमान विझला. हर्षवर्धन चालवायला बसला, पूर्वा पुढे डावीकडे, मागे सानिका आणि प्रफुल्ल. सानिकाने ती वही हातात घेतली होती.

मित्रांनो, त्या फेरीत मला जशी भीती वाटली तशी टेम्पोवर आपटतानाही वाटली नव्हती. तेव्हा माझ्याकडे पिशव्या होत्या. आता रिकाम्या डॅशबोर्डसमोर एक पोरगी बसली होती, पाय हलवत होती आणि रेडिओचं बटण शोधत होती. वसाहतीतल्या एका वळणावर एक ई-रिक्षा आडवी आली. हर्षवर्धनने करकचून ब्रेक दाबला. पूर्वाचे दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटले, बरोबर त्या पोकळ झाकणावर. झाकण ढोलासारखं वाजलं.

“ब्रेक एकदम कडक आहेत हं,” प्रफुल्ल मागून म्हणाला. हर्षवर्धनने मान डोलावली. सानिकाने वहीचं पान उलटलं. ती चौथ्या पानावर होती.

मैदानात परत आल्यावर हर्षवर्धनने इंजिन बंद केलं, किल्ली तशीच ठेवून खाली उतरला आणि प्रफुल्लचा हात हातात घेतला. “मला पसंत आहे. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून पुढचं काही विचारत नाही.”

सानिका मागच्या दाराने उतरली आणि चालकाच्या जागी येऊन बसली. वहीचं सातवं पान तिने मांडीवर उघडं धरलं होतं. तिने किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही. माझे सगळे दिवे लागले.

“एक,” ती म्हणाली. “दोन.”

“मम्मा, क्या गिन रही हो?” पूर्वा अजून शेजारीच बसली होती.

“तीन. चार.”

मी त्या दिव्याला म्हणत होते, विझू नकोस, आता तरी विझू नकोस. सात महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याकडे बघत होतं.

“पाच. सहा.”

लाल माणूस आपल्या फुग्यापुढे बसून राहिला होता. सानिका मोजत राहिली. बारा झाले तेव्हा प्रफुल्ल लगबगीने आला आणि नेहमीसारखा खिडकीतून हात आत घातला. “ताई, स्टार्ट करा ना, म्हणजे विझतो तो.”

“हात काढा,” सानिका म्हणाली.

“सानिका, अगं,” हर्षवर्धन ओशाळून म्हणाला, “आपल्या माणसावर असा काय संशय घ्यायचा!”

“संशय नाही घेत, हर्ष. मोजतेय.” तिने वही खिडकीतून प्रफुल्लपुढे धरली. “हे वाचा. मोठ्याने वाचा. मराठीच आहे.”

प्रफुल्लने मनातल्या मनात वाचलं. त्याचा चेहरा उतरत गेला तो मी माझ्या आरशातून बघितला. सात महिने जी वही त्याने नाचवली, तिच्यात काय लिहिलंय ते त्याला आत्ता कळत होतं. मग तो एकदम ताठ झाला.

“मैडम, पुरानी गाड़ी है,” तो म्हणाला. “लेना है तो लीजिए, नहीं तो आगे बढ़िए.”

बुलढाणा, मेहकर, आत्या, भाकरी, सगळं एका वाक्यात आटोपलं. त्यानंतर त्याच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघाला नाही. हर्षवर्धन त्याच्याकडे बघतच राहिला. मला वाटतं, पिशव्या नाहीत यापेक्षा त्याला हे जास्त लागलं. मग त्याने विचारलं, “माझी मुलगी तिथे बसली होती हे तुम्ही मघाशी बघत होतात ना?” प्रफुल्ल दुसऱ्या गाडीची काच पुसायला लागला होता.

“पूर्वा, उतर खाली,” सानिका म्हणाली. “लगेच.”

ती उतरली. सानिकाने वही मिटली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा माझ्या खणात ठेवली. “असू दे इथेच,” ती हर्षवर्धनला म्हणाली. “उद्या कोणी दुसरी येईल बघायला.” सुनंदाबाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिघं फाटकाबाहेर गेली आणि रिक्षात बसली. ती मला सोडून गेली याचा मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदाच मला नाकारल्याचा आनंद झाला.

रिक्षा दिसेनाशी झाल्यावर प्रफुल्ल आला. त्याने खण उघडला आणि वहीचं सातवं पान टर्रकन फाडलं. मग माझं बॉनेट उघडून त्याच पानाने तेलाची पट्टी पुसली आणि बोळा छताखाली भिरकावला. पहिली सहा पानं त्याने ठेवली आहेत, कारण ती त्याच्या धंद्याला उपयोगी आहेत. संध्याकाळी तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, “या ना दादा, रविवारी सहकुटुंब या. आपल्या माणसाची गाडी आहे.” पुन्हा तेच गोड मराठी.

अशा हकीकतीच्या शेवटी ‘माझी काळजी घ्या’ असं म्हणतात. माझी काळजी घेऊ नका. मला भंगारात घातलं, कापून वितळवलं तरी माझी हरकत नाही. एखाद्या पोरीचं डोकं त्या पोकळ झाकणावर फुटण्यापेक्षा ते शंभरपट बरं. पण रविवारी येणारे तुम्हीच असाल, तर तुमचे बाबा गाव विचारायच्या आत किल्ली मागून घ्या. ती फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि लाल माणसाकडे बघत सहा मोजा. तो विझला नाही तर कोणी कितीही गोड बोललं तरी खाली उतरा, आणि पुढच्या डाव्या सीटवर जे कोणी बसलं असेल त्याला हाताला धरून उतरवा. वहीत ते आता लिहिलेलं नाही. सातवं पान तुमच्याकडे आहे.